दादरा-नगरहवेली : भूमीवरील एक बेट

बेट म्हटले की चोहोबाजूंचा समुद्र, किनाऱ्यावरील माड आणि बंदराला लागलेली गलबते डोळ्यांपुढे उभी राहतात. कॅरिबियन समुद्रातील सेंट बार्थेलेमी हे असेच एक चिमुकले बेट आहे. तेथील मूळ रहिवाशांनी त्याला आपले नाव दिलेले होते. १४९३ साली कोलंबस त्या बाजूने गेला आणि त्याने आपल्या भावाचे नाव त्याला देऊन टाकले. पुढे ते फ्रान्सच्या हाती आले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने ते स्वीडनच्या राजाला दिले आणि त्याच्या मोबदल्यात गोथेनबर्ग बंदरात व्यापाराच्या सवलती पदरात पाडून घेतल्या. कागदावर दोन मोहोरा उमटल्या आणि बेटावरील माणसांचा राजा बदलला. त्यांना कोणी विचारले नाही. प्रजेला असे काही विचारावयाचे असते, ही कल्पनाच त्या काळी राजेलोकांच्या मनाला शिवलेली नव्हती.

नेमक्या त्याच सुमारास, तेथून हजारो मैल दूर असलेल्या दमणगंगेच्या खोऱ्यात, असाच एक व्यवहार पुरा होत होता. पुण्याच्या दरबाराने दमणच्या पोर्तुगीजांना काही खेडी लावून दिली. १७८३ साली नगरहवेलीची खेडी त्यांच्याकडे गेली आणि १७८५ साली दादऱ्याची गेली. या खेड्यांभोवती समुद्र नव्हता. होते सागाचे आणि खैराचे रान, भाताची खाचरे आणि नागलीची वरकस जमीन. तरीही पुढील पावणेदोनशे वर्षांत या प्रदेशाचे एक बेटच होऊन गेले. भोवतालच्या मुलखावर आधी मराठ्यांचे, मग इंग्रजांचे आणि शेवटी स्वतंत्र भारताचे राज्य आले. या बेटावर मात्र पोर्तुगालचा ध्वज फडकत राहिला. दादरा-नगरहवेलीचा इतिहास हा अशा एका भूमीवरील बेटाचा इतिहास आहे.

या बेटाचा नकाशा प्रथम नीट ध्यानी घेतला पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या डोंगरात दमणगंगा उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन दमण येथे अरबी समुद्राला मिळते. तिच्या वाटेवर, समुद्रापासून काही अंतर आत, सुमारे ४९० चौरस किलोमीटरचा हा टापू पसरलेला आहे. एकंदर खेडी बहात्तर. त्यांपैकी एकोणसत्तर नगरहवेलीची, आणि उरलेली तीन दादऱ्याची. या दोन भागांच्या मध्ये गुजरातची एक पट्टी आडवी आलेली आहे, म्हणजे बेटे खरे पाहता दोन आहेत. त्यातही गंमत अशी की, सिल्वासाच्या दक्षिणेस नगरहवेलीच्या पोटात मघवाल नावाचे एक गाव आहे आणि ते गुजरातचे आहे. बेटात पुन्हा एक बेट! उत्तरेस व पश्चिमेस गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दक्षिणेस महाराष्ट्राचा, पूर्वी ठाण्यात मोडणारा व २०१४ पासून स्वतंत्र झालेला, पालघर जिल्हा. अशा रेषा डोंगर-नद्यांनी आखलेल्या नसतात. त्या दरबारांत, कचेऱ्यांत आणि तहनाम्यांत आखल्या जातात.

ज्यांच्या अंगणातून या रेषा गेल्या ती माणसे कोण? वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, ढोर कोळी आणि नायका या सात जमातींची नावे १९६२ च्या आदेशाने येथील अनुसूचित जमातींच्या यादीत नोंदली गेली. धोडिया हे बहुधा स्थिर शेती करणारे, काथोडी हे खैरापासून कात काढण्यात वाकबगार, दुबळा हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबत आलेले, आणि वारली व कोकणा हे डोंगरउतारावर भात-नागली पिकवून रानाच्या आधाराने जगणारे. वारली आणि कोकणा यांची बोली मराठीच्या फार जवळची आहे. डहाणू-जव्हारचा माणूस खानवेलच्या बाजारात गेला तर त्याला दुभाष्या लागत नाही.

या लोकांजवळ लेखी इतिहास नाही. परंतु स्मृती आहे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना करतात. धवलेरी गाणी म्हणते आणि तिच्या तोंडूनच लग्न लागते. कणसरी ही त्यांची धान्याची देवता. पीक घरात आले की वाळलेल्या भोपळ्याचा तारपा वाजू लागतो आणि त्या सुरावर स्त्री-पुरुष एकमेकांचे हात धरून फेर धरतात. हा फेर दमणगंगेच्या अल्याड धरला जातो तसाच पल्याड धरला जातो. सोयरीक जुळवताना वधू पोर्तुगीज हद्दीतील की इंग्रजी हद्दीतील, हा प्रश्न कुणी काढल्याचे ऐकिवात नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस तेच गोत, तेच देव आणि तेच दारिद्र्य.

आता ही खेडी पोर्तुगीजांच्या हाती कशी गेली ते पाहू. हा मुलूख पूर्वी कोळी नायकांचा. त्यांच्यापासून तो रामनगरच्या रजपूत राजांनी घेतला. पुढे धरमपूर संस्थान म्हणून जे प्रसिद्धीस आले ते हेच घराणे. दमणचे पोर्तुगीज आपल्या गावांना उपद्रव होऊ नये म्हणून या राजाला चौथ देत असत. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार व रामनगर घेतले, तेव्हा ही चौथ आता आपणास द्यावी, अशी मागणी मराठ्यांनी दमणकरांकडे केली. पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचे राज्य दमणपुरते आक्रसले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी वारे फिरले. मराठी आरमाराने सांताना नावाचे एक पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्याची भरपाई हा एक विषय निघाला. त्याहून मोठे कारण राजकारणाचे होते. १७७९ साल हे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचे साल. वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली होती, तरी लढाई संपली नव्हती. गादीवर सवाई माधवराव पेशवे बालवयात होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. इंग्रजांशी झुंज चालू असताना गोव्याचे पोर्तुगीज त्यांना जाऊन मिळू नयेत, त्यांची मैत्री राखावी, हा नानांचा हेतू उघड दिसतो. तेव्हा १७७९ च्या तहात दमणच्या आसपासच्या खेड्यांतून सालीना बारा हजार रुपये उत्पन्न पोर्तुगीजांना तोडून देण्याचे ठरले. त्या ठरावाची बजावणी होता होता १७८३ आणि १७८५ उजाडले.

येथे एक गोष्ट मराठी श्रोत्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुणे दरबाराने दिले ते गावांचे उत्पन्न, म्हणजे सरंजाम. सरंजाम हा देणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. तो काढून घेता येतो. राज्य देणे आणि सरंजाम देणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु ज्याच्या हाती वसुली त्याच्या हाती कारभार, आणि ज्याच्या हाती कारभार त्याच्या हाती काळाच्या ओघात राज्य, असा जगाचा अनुभव आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज या मुलखाचे धनी झाले तेव्हा त्यांना नगरहवेलीत पोर्तुगीज अंमलदार संपूर्ण कारभार पाहत असलेले आढळले. इंग्रजांनी ते तसेच चालू दिले. सरंजाम देणारा उरला नाही आणि घेणारा राजा होऊन बसला.

पोर्तुगीजांनी प्रथम दरारा येथून व पुढे १८८५ पासून सिल्वासा येथून कारभार केला. तेथे कचेरी आली, पोलिसांचे ठाणे आले, चर्च उभे राहिले. रानातील साग-खैराला मोल होते. जमिनीविषयीचे कायदे मात्र असे होते की, सरकारी सनदेने मिळणाऱ्या 'अल्वारा' नावाच्या धारणेवर मोठमोठी क्षेत्रे सनदवाल्यांच्या नावे चढावीत आणि ज्याने रान तोडून खाचर केले त्याने त्याच खाचरात दुसऱ्याचे कूळ म्हणून राबावे. वसाहतीच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे ज्यांच्या घामाने पिकले, त्यांच्याही नावावर वीतभर जमीन नव्हती.

सीमेच्या या बाजूसही स्थिती निराळी नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. इंग्रजी राज्यात डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना जमीनदार व सावकार वेठीस धरीत. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांच्या कर्जापायी वारली जोडपे वर्षानुवर्षे धन्याच्या दारी बांधलेले राही. अशांना लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारली एकत्र जमले आणि वेठ-लग्नगडी यांविरुद्ध त्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली उठाव केला. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर हे या चळवळीचे नेते होते. ही सारी हकीकत पुढे गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. झरी-तलासरीपासून नगरहवेलीची सीमा काही कोसांवर आहे. एका बाजूच्या भावाने मान वर केली, ही वार्ता दुसऱ्या बाजूच्या भावापर्यंत पोचल्याखेरीज कशी राहील?

१९४७ साली इंग्रज गेले. सिल्वासात पोर्तुगालचा ध्वज कायम राहिला. गोवा, दमण आणि दीव यांना निदान समुद्र होता, बंदर होते, लिस्बनहून जहाज येऊ शकत होते. नगरहवेलीला चोहोकडून भारताचा वेढा. तेथील पोर्तुगीज अंमलदाराला दमणला जावयाचे तरी भारताच्या रस्त्यावरून जावे लागे. बेटाचे बळ समुद्रात असते. या बेटाला समुद्र नसणे हेच त्याच्या मुक्तीचे द्वार ठरले.

१९५४ च्या पावसाळ्यात ते द्वार उघडले. गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या निरनिराळ्या संघटनांनी प्रथम या एकाकी टापूकडे मोर्चा वळविला. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे फ्रान्सिस मस्कारेन्हस व त्यांचे सहकारी दादऱ्यात शिरले. पोलीस ठाण्यावरील चकमकीत ठाण्याचा अधिकारी आनिसेतो रोझारिओ मारला गेला आणि २२ जुलैला दादरा मुक्त झाला. २८ जुलैला नरोली गेले. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि त्यांचे साथी, तसेच पुण्या-मुंबईकडून आलेले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे राजा वाकणकर, नाना काजरेकर आदी कार्यकर्ते या मोहिमेत होते. ठाणे जिल्ह्याच्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्ते वारल्यांना घेऊन पुढे सरसावले होते. एरवी ज्यांची तोंडे एकमेकांकडे वळणे कठीण, असे लोक त्या एका पंधरवड्यात एकाच दिशेने चालले होते.

संगीतकार सुधीर फडके हेही या स्वयंसेवकांत होते, ही गोष्ट मराठी माणसाला आजही कौतुकाची वाटते. मोहिमेला पैसा हवा होता आणि तो उभा करण्यासाठी लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम पुण्यात करण्यात आला. ज्या हातांनी पुढील वर्षी, १९५५ साली, पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायणाचे सूर बांधले, ते हात त्या पावसाळ्यात दमणगंगेच्या काठी या कामात गुंतले होते. बाबासाहेब पुरंदरे यांचेही नाव या तुकडीत येते.

१ ऑगस्टच्या रात्री स्वयंसेवक पावसातून सिल्वासाकडे निघाले आणि २ ऑगस्टला सिल्वासाच्या कचेरीवर तिरंगा चढला. प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो आपल्या शिपायांसह आधीच दक्षिणेकडे खानवेलच्या रानात हटला होता. ११ ऑगस्टला उदव्याजवळ त्याने भारतीय पोलिसांच्या स्वाधीन होणे पत्करले. एकशे एकाहत्तर वर्षांचा अंमल तीन आठवड्यांत संपला. हाताशी शस्त्रे थोडी होती. पण ज्या सत्तेला तेथील मातीत मूळ नव्हते ती उपटावयास मोठे बळ लागले नाही.

पोर्तुगाल मात्र गप्प बसणारे नव्हते. दमणहून अधिकारी व सैनिक नगरहवेलीत जाऊ द्यावेत, ही त्याची मागणी भारताने धुडकावली. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद गुदरली. दमण आणि ही खेडी यांच्यामधील भारतीय भूमीवरून जाण्या-येण्याचा आम्हास हक्क आहे, हा फिर्यादीचा गाभा. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे या दाव्यापुरते न्यायासनावर बसले.

हा दावा म्हणजे मराठेशाहीच्या इतिहासाची एक अपूर्व परीक्षाच होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तह, त्याच्या निरनिराळ्या प्रती, पेशव्यांच्या सनदा, सरंजाम व जहागीर या शब्दांचे अर्थ, हे सारे हॉलंडमधील त्या शांत वास्तूत पंधरा न्यायाधीशांपुढे पिंजले गेले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले ते उत्पन्न होते, सार्वभौमत्व नव्हते, असे न्यायालयाने ठरविले. नाना फडणविसांच्या कारभाराला मिळालेला हा न्याय उशिराचा खरा, पण लहान नव्हे. मात्र मराठ्यांनंतर इंग्रजांनी आपल्या वागणुकीने पोर्तुगालचे स्वामित्व मान्य केले व पुढे भारतानेही ते गृहीत धरले, असेही न्यायालयाने म्हटले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ साली जाण्या-येण्याचा हक्क होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा निसटत्या बहुमताने ठरले. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. ज्या हक्काविना पोर्तुगालचे राज्य परत येणे अशक्य होते, तोच नाकारला गेला.

या सबंध दाव्यात एक पक्ष अनुपस्थित होता. लिस्बन बोलले, दिल्ली बोलली, कागदांच्या रूपाने पुणे दरबार बोलला, मुंबईचे इंग्रज गव्हर्नर बोलले. खानवेलचा वारली तेवढा बोलला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात राज्ये वादी-प्रतिवादी होतात, माणसे होत नाहीत. तो त्या न्यायालयाचा नियमच आहे. परंतु वाटेच्या हक्काचा खल चालू असताना, ज्यांची ती पायवाट, त्यांच्या मनात काय आहे हे विचारण्याची जागा कोठे असावी, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

दरम्यानची सात वर्षे या प्रदेशाने एका चमत्कारिक अवस्थेत काढली. पोर्तुगीज गेले होते. परंतु न्यायालयात वाद चालू असल्यामुळे भारतात विलीनीकरण झाले नव्हते. अप्पासाहेब करमळकर हे मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक झाले. पोर्तुगीज टपाल तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाचा इंग्रजी ठसा मारून ती वापरण्यात आली. कारभाराला सल्ला देण्यासाठी वरिष्ठ पंचायत स्थापन झाली. येथील रहिवाशांच्या वतीने बोलणारी सभा या बेटाला प्रथमच लाभली. १२ जून १९६१ रोजी या पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव एकमताने केला.

मग प्रश्न आला की, भारताच्या पंतप्रधानांशी करार कोणी करावयाचा? तेव्हा गुजरातमधील सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते या चिमुकल्या प्रदेशाचे शासनप्रमुख करण्यात आले आणि पंडित नेहरूंच्या बरोबरीने त्यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगरहवेली हा भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. आणि पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळल्यावर १९७४ अखेरच्या करारान्वये पोर्तुगालनेही या सर्व प्रदेशांवरील भारताचे स्वामित्व मान्य केले.

ध्वजाची कथा येथे संपते. माणसांची संपत नाही. राज्य बदलले तरी खाचर कोणाचे, हा वारल्याचा प्रश्न जागच्या जागी होता. त्याला कायद्याने उत्तर मिळावयास आणखी दहा वर्षे लागली. १९७१ च्या भूमिसुधारणा विनियमाने अल्वारा व तेरें या पोर्तुगीज काळातील धारणा रद्द ठरविल्या, जमिनीवर कमाल मर्यादा घातली आणि कसणाऱ्या कुळास हक्क देण्याची तरतूद केली. ज्यांच्या वाडवडिलांनी रान मोडून खाचरे बांधली होती, त्यांचे नाव सातबाऱ्यासारख्या कागदावर चढण्याची वाट यामुळे मोकळी झाली. ही घटना तिरंगा चढण्याइतकीच मोलाची मानली पाहिजे.

परंतु एका हाताने जमीन येत असता दुसऱ्या वाटेने ती जाऊही लागली. दमणगंगेवर मधुबन येथे मोठे धरण बांधले गेले. त्याचे पाणी गुजरातला, दमणला आणि या प्रदेशालाही मिळाले. जलाशयाखाली मात्र दुधनी-कौंचा भागातील आदिवासींची शेते व घरे गेली. १९६५ साली सिल्वासाजवळ पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत निघाली. पुढे करसवलतींच्या ओढीने कारखान्यांची रीघ लागली. रेल्वेचे वापी स्थानक हाकेच्या अंतरावर असल्याने माल नेणे-आणणे सोपे झाले. रस्ते झाले, दवाखाने झाले, शाळा झाल्या, रोजगार आला. हे सारे खरे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्याबरोबर माणसांचा लोटही आला. १९६१ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या सुमारे अठ्ठावन हजार होती. २०११ साली ती तीन लाख त्रेचाळीस हजारांवर गेली. १९९१ साली शंभरांतील एकोणऐंशी माणसे आदिवासी होती. २०११ साली हे प्रमाण बावन्नावर आले. आदिवासी आपल्याच बेटावर निम्म्याहून थोडा अधिक उरला.

कारखान्यात पोट भरण्यासाठी आलेला बिहारचा वा ओडिशाचा मजूर हा काही पोर्तुगीज कॅप्टन नव्हे. तोही कोठल्या तरी खेड्यातून, कोठल्या तरी खाचरातून उठून आलेला असतो. दोष त्याच्याकडे जात नाही. प्रश्न एवढाच की, या प्रदेशाचे पुढे काय करावयाचे हे ठरताना, तेथील मूळच्या माणसाचा शब्द किती वजनाचा धरला जातो? लोकसभेची येथील जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, ही मोठी गोष्ट आहे. दर पाच वर्षांनी बोटाला शाई लावून येथील वारली, कोकणा, धोडिया आपले मत देतात. त्यांच्या पणजोबांना हे भाग्य नव्हते. मात्र २०१९ च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेली व दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या दमणमधून एके काळी येथे अंमल चालत असे, त्याच दमणशी हा टापू पुन्हा जोडला गेला; या वेळी अर्थातच स्वतंत्र भारताच्या छत्राखाली. इतिहासाची पावले कधी कधी अशी जुन्या वाटेवरही पडतात.

शेवटी पुन्हा त्या कॅरिबियन बेटाकडे वळावेसे वाटते. स्वीडनने जवळजवळ शतकभर सेंट बार्थेलेमीवर राज्य केले. १८४७ साली तेथील गुलामगिरी बंद झाली. पुढे ते बेट फ्रान्सला परत द्यावे असे ठरू लागले, तेव्हा १७८४ साली न घडलेली एक गोष्ट घडली. १८७७ साली बेटावरील लोकांचे मत घेण्यात आले, त्यांनी जवळजवळ एकमुखाने फ्रान्सच्या बाजूने कौल दिला आणि १८७८ साली हस्तांतर झाले. शंभर वर्षांत जगाने तेवढे एक पाऊल पुढे टाकले होते. देण्या-घेण्याच्या कागदावर बेटाच्या रहिवाशांचेही नाव आले.

दमणगंगेच्या काठच्या बेटाने हे पाऊल १९६१ च्या पंचायतीच्या ठरावात टाकले. त्या ठरावाचा अर्थ एका दिवसापुरता नाही. एकदा विचारले की पुढेही विचारावे लागते: धरणाची भिंत घालताना, कारखान्याला रान देताना, शाळेत कोणत्या बोलीत शिकवावे हे ठरविताना. पीक घरात आले की आजही खानवेलकडच्या पाड्यांवर तारपा वाजतो आणि फेर धरला जातो. त्या फेराच्या मधोमध तारपकरी उभा असतो; त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. राज्यकारभाराच्या फेरातही मधोमध कोणी उभे असावे, हे त्या पाड्यावरील माणसांना कोणी शिकवावयास नको. शिकावयाचे असेल तर ते फेराबाहेरच्यांनी.